भरलं कपाळ

१

राहीबाई सकाळी उठली की आधी आरसा. चूळ भरणं नाही, चहा नाही, काही नाही. उंबऱ्याजवळ उजेडात फणेरपेटी उघडून बसायची, कपाळाला मेण लावायची, त्यावर रुपयाएवढं कुंकू बोटानं दाबून बसवायची, आणि पेटी मिटली की मग तिच्यापुरतं उजाडायचं. घरात कुणी जन्मो, कुणी मरो, दारात कृष्णामाईचा पूर येवो, यात बदल नाही. तासगाव तालुक्यातल्या त्या नदीकाठच्या गावात हे कुंकू म्हणजे एक जुना खटलाच होता म्हणा ना.

तिचा नवरा आकाराम पलटणीबरोबर इटलीला गेला आणि तिथल्या लढाईत बेपत्ता झाला, त्याला तीस वर्षं होत आली होती. मेला असं सरकारनंही कधी म्हटलं नाही. पाठीमागं बायका काय बोलायच्या ते बोलायच्या, पण तोंडावर बोलायची छाती कुणाची? राहीबाई सरळ विचारायची, तू बघितलंस का त्यांचं मढं, मग गप बस. पोटी पोर नव्हतं. धाकटा दीर लालासाहेब तिच्या हातची भाकरी खाऊन मोठा झालेला, आणि त्याची बायको अंजना तिला सख्ख्या सासूपेक्षा जास्त मानणारी. त्यामुळं घरात तिचा शब्द चालायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर तिच्या पोटात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं, परत शिवलं आणि घरी न्या म्हणाले. तिला कुणी सांगितलं नाही, तरी तिला कळायचं ते कळलं. रडली नाही. तिचं मागणं एकच, आणि ते तिनं अंजनाला, लालासाहेबाला, आल्यागेल्याला दहादा सांगून ठेवलं. भरल्या कपाळानं जायचं. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, ओटी, कपाळभर मळवट. भावकीतले थोरले नानासो मात्र कुरकुरत होते. उद्या आकाराम मेलेलाच निघाला तर आपण विधवेला सवाष्ण म्हणून जाळलं असं होईल, आणि त्याचं पाप साऱ्या भावकीच्या माथी, असं त्यांचं म्हणणं होतं.

अशात सिकंदर बागवान तो पत्र्याचा डबा घेऊन आला. सिकंदर तासगावचा फळांचा व्यापारी, लालासाहेबाचा जुना दोस्त, आणि लढाईत इटलीभर लष्करी लॉरी हाकून आलेला गडी. लालासाहेबानं नवीच द्राक्षबाग लावली होती आणि त्याच्या डोक्यात बेदाणा करायचं खूळ शिरलं होतं. म्हणून सिकंदरनं मुंबईच्या बाजारातून, बोटीवरच्या कुणा खलाशाकडून, हा नमुना मिळवला होता. झाकणावर रंगीत फोटो. समुद्रातला एक काळा डोंगर, शेंड्यातून धूर निघतोय. पायथ्याला काळ्या मातीचे वाफे, त्यांत बोरूच्या चटयांवर द्राक्षं वाळत घातलेली. आणि कडेला, फोटोत चुकून यावा तसा, उकिडवा बसलेला एक माणूस. पाठमोरा. डोक्याला पटका.

बेदाणा राहीबाईच्या अंथरुणाशी ठेवला तर तिनं तो खाल्ला नाही. झाकण मात्र हातात धरून बसली. बराच वेळ. मग म्हणाली, "भावजी, ह्ये आमचं मालक हायेत."

लालासाहेब हसला. पाठमोऱ्या माणसाला कसं ओळखलंस वैनी, असं त्यानं विचारलं.

"पाठच वळखीन मी. जाताना पाठच तर बघितली हाय." तिनं झाकण डोळ्यांजवळ नेलं. "पर डावा हात असा काखंत का घातलाय त्येंनी?"

लालासाहेबानं पाहिलं. खरंच, त्या माणसानं डावा हात कोपरात मोडून पार मनगटापर्यंत डाव्याच काखेत कोंबून घेतला होता. लालासाहेब चहा तसाच ठेवून उठला आणि मागल्या दारी गेला.

२

त्या हाताची गोष्ट राहीबाईला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती ठाऊक असणारी माणसं दोन. त्यातले तात्या, म्हणजे लालासाहेबाचे वडील, कधीच वर गेले होते. उरला तो एकटा.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग त्याचा पुतळा करून जाळायचा, ही रीत. नाहीतर त्याचा जीव घर ना घाट असा फिरत राहतो म्हणतात. बारा वर्षं झाली तेव्हा तात्यांना झोप लागेना. पोराला मोकळं तर करायचं होतं, पण सुनेपुढं उभं राहून पोरी कुंकू पूस म्हणायचं धैर्य त्या म्हाताऱ्याला झालं नाही. मोठा कडक माणूस, पण इथं पार लोण्यासारखा मऊ. मग त्यांनी लग्नाला जातो असं घरात सांगितलं आणि लालासाहेबाला घेऊन वाईला गेले. घाटावरच्या एका भटजींना गाठलं.

पळसाच्या पानांच्या देठांचा माणूस करतात. डोक्याला नारळ, डोळ्यांना कवड्या, वरून जवाचं पीठ तुपात कालवून लिंपायचं. कवड्या लालासाहेबानंच वाईच्या बाजारातून आणल्या. देठही त्यानंच डोंगरातून आणले, पण फाल्गुन लागलेला, पळस सगळा फुलांनी पेटलेला आणि पानं झडून गेलेली. पाय झाले, धड झालं, उजवा हात झाला. डाव्या हाताला देठ कमी पडले. भटजी म्हणाले चालतं, आणि बोटं नसलेला तो हात त्यांनी वळवून काखेत बसवला आणि लोकरीच्या दोऱ्यानं बांधून टाकला. तात्यांनी अग्नी दिला. राख कृष्णेत सोडली. परतताना लालासाहेबाच्या मनात आलं होतं की ही राख चार दिवसांनी आपल्याच गावावरून वाहत जाईल, आणि वैनी तिथंच धुणं धूत असेल.

घरी आले तर राहीबाईनं लग्न कसं झालं विचारलं. तात्या चांगलं झालं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आरशापुढं बसली.

आता तो हात डब्यावर होता. लालासाहेबानं मनाला लाख समजावलं. लढाईतला माणूस, हात तुटला असेल. लाजेनं घरी आला नसेल, तिकडंच कुठं राबत असेल. असे किती जण राहिले. हे सगळं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच जाऊन बघणं भाग होतं. जिवंत असला तर वैनी भरल्या कपाळानं जाईल आणि नानासोंचं तोंड बंद होईल. मेला असला तर तसं सांगावं लागेल. काय ते एक कळायलाच हवं होतं, आणि तिच्याकडं फार दिवस नव्हते.

३

योग असा की द्राक्षवाल्यांच्या संघातर्फे चार-पाच माणसं इटलीतल्या बागा बघायला जायचीच होती. लालासाहेबानं आपलं नाव घालून घेतलं आणि दुभाष्या म्हणून सिकंदरला ओढलं. बागा पाहून झाल्यावर बाकीचं मंडळ रोमकडं गेलं आणि हे दोघं बंदरावर. जानेवारीचा महिना. तिकिटाच्या खिडकीतला माणूस हसला आणि सिकंदरला काहीतरी म्हणाला. या दिवसांत तिकडं कुणी जात नाही, हॉटेलं बंद, बोट आठवड्याला एक, तीही समुद्राच्या मर्जीवर, असं तो म्हणत होता.

त्या बेटाचं नाव लालासाहेबाला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. बोट लागली तेव्हा धक्क्यावर एक म्हातारा दोर धरायला उभा होता, बाकी चिटपाखरू नाही. पांढरी घरं, सगळ्यांच्या खिडक्या लाकडी झडपांनी बंद. वाळू काळी. माती काळी. लालासाहेबानं खाली वाकून चिमूटभर माती बोटांत चुरून बघितली, शेतकऱ्याची सवय. आपल्याच डोंगरातला काळा पत्थर कुटून पसरावा तशी होती. आपलं काहीतरी इतक्या लांब सापडलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्यानं बोटं घाईनं झटकली. वर डोंगर मधूनच धप्प असा आवाज करायचा, खोल आत कुणी जात्याचा दगड टाकल्यासारखा, आणि मग धुराचा एक लोट निघायचा. सिकंदर म्हणाला, लढाईत याहून मोठे आवाज ऐकलेत, चल.

एका बाईनं तिची खानावळ त्यांच्यासाठी उघडली. जेवणघरात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, आरशांवर चादरी. बाई नखशिखांत काळ्या कपड्यांत, विधवा होती म्हणे, तिकडं तसाच रिवाज. जेवण वाढलं, मासे आणि पाव. जेवून झाल्यावर सिकंदरनं तिच्यापुढं डब्याचं झाकण ठेवलं आणि कडेच्या माणसावर बोट टेकवलं.

बाईनं झाकण उचललं आणि टेबलावर पालथं घातलं. मग हात पदराला पुसावेत तसे तिनं पुढ्यातल्या फडक्याला पुसले. सिकंदरनं पुन्हा विचारलं. ती हळू आवाजात बोलली, आणि सिकंदर ऐकता ऐकता कपाळाला आठ्या घालत गेला.

उन्हाळ्यात पाहुणे असतात तेव्हा तो दिसत नाही, फोटोत आला तो कसा आला देव जाणे, असं ती म्हणत होती. थंडीत, बेट रिकामं झालं की असतो. वरच्या वाळवणात. त्याला कुणी काही विचारत नाही.

"कुठं राहतो ते विचार," लालासाहेब म्हणाला.

सिकंदरनं विचारलं. बाईचं उत्तर दोन शब्दांचं होतं, पण त्याला ते मराठीत आणायला वेळ लागला.

"राहत न्हाई म्हणती. नुसता असतो."

४

दुपारी तिकडं सगळं बेट झोपतं. बाईनं जेवण आवरलं, साऱ्या झडपा लावून घेतल्या आणि भर दुपारी घरात अंधार झाला. झडपांच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा तेवढ्या जमिनीवर पडलेल्या. सिकंदर घोरू लागला. लालासाहेब छताकडं बघत पडला होता, आणि त्याला आवाज ऐकू आला.

सरक, सरक. थांबणं. पुन्हा सरक. वाळलेल्या पानांचा झाप कुणी दगडी फरशीवरून ओढत न्यावा तसा. बाहेरून यायचा, मग घराच्या मागच्या जिन्याकडं, मग जरा वेळ काहीच नाही. वारा आहे, त्यानं मनाशी म्हटलं. पण झडपा हलत नव्हत्या. मग म्हटलं, कुणी झाडतंय. संध्याकाळी त्यानं सिकंदरकरवी बाईला विचारलं, दुपारी मागं कोण झाडतं? ती म्हणाली, थंडीत कुणी झाडत नाही, कशाला झाडायचं.

दुसऱ्या दुपारी तोच आवाज, आणि या खेपेला वासही आला. जळक्या तुपाचा, त्यात भाजलेलं पीठ. ज्यानं तो वास एकदा घाटावर घेतलाय त्याला वर्षानुवर्षं विसरता येत नाही, आणि लालासाहेबानं तो घेतला होता. तो उठला आणि मागच्या झडपेच्या फटीला डोळा लावला. वरच्या वाफ्यांचा एक तुकडा दिसत होता. काळ्या मातीवर बोरूची चटई पसरलेली. तिच्यावर एकसुद्धा द्राक्ष नव्हतं. पण कुणीतरी ती चटई उलटत होतं, द्राक्षं उलटतात तशी, जपून. चटईचं टोक उचललं जायचं, पलटायचं, पुन्हा खाली. उचलणारा फटीच्या पलीकडं होता. दिसला तो फक्त पटक्याचा शेमला, डाव्या कानावरून सोडलेला. तसा शेमला लालासाहेबानं आयुष्यात एकाच माणसाचा पाहिला होता. लहानपणी तो त्याला धरून ओढायचा आणि टपली खायचा.

त्याला एकदम रडू फुटलं. जिवंत आहे, दादा जिवंत आहे, असं तो स्वतःला सांगत राहिला, आणि तरी खाली उतरण्याऐवजी त्यानं झडपेची कडी घट्ट लावून घेतली.

५

बोट यायच्या आदल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, दोघं वर गेले. लख्ख ऊन होतं. पायवाट डोंगरातून आलेल्या काळ्या राखेची, पाऊल टाकलं की उमटायचं. सिकंदर मधेच थांबला आणि खाली बोट दाखवलं. त्यांच्या पुढं वाटेवर खुणा होत्या. पावलांच्या नव्हत्या. केरसुणीचा बुडखा दाबत दाबत न्यावा तशा, एकाआड एक.

वाळवणाच्या दगडी बांधापाशी सिकंदर थबकला. लढाई पाहिलेला माणूस, पण त्याचा चेहरा उतरला होता. "लाला, मी हितंच हुबा ऱ्हातो. तुझा भाऊ हाय, तू जा."

तो डब्यावर होता तसाच बसला होता. उकिडवा, पाठमोरा, डावा हात काखेत. अंगात खाकी रंगाचं काहीतरी होतं, उन्हापावसानं विरलेलं, आणि त्याच्या विरलेल्या जागांतून खाली कातडी दिसायला हवी तिथं आडव्या-उभ्या तपकिरी रेघा दिसत होत्या. लालासाहेबानं ठरवून तिकडं बघितलं नाही. पटक्याकडं बघितलं. दादा अशी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली.

तो माणूस वळला नाही. पण त्याचं सगळं अंग बारीक कुरकुरलं, आणि त्यातून बोलणं आलं. तोंडातून आलं असं लालासाहेब कधीच म्हणाला नाही.

"लाला व्हय?"

"व्हय, दादा."

"राही अजून कुकू लावती?"

घरापासून इतक्या लांब, त्या काळ्या डोंगराखाली, आपल्या गावची बोली ऐकून लालासाहेबाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तुझ्या नावानं लावते, रोज सकाळी उठली की आधी तेच करते, तुला न्यायला आलोय, चल घरी. असं काय काय तो बोलला.

बराच वेळ नुसती कुरकुर झाली. वर डोंगर धप्प वाजला.

"अर्धाच जळलोय रं, लाला," तो म्हणाला. "तिला म्हणावं, पूस."

मग तो वळू लागला. लालासाहेबाला बाजूनं त्याचा गाल दिसला, पिठाचा लेप वाळून भेगाळावा तसला, आणि त्याच्यावर डोळ्याच्या जागी पांढरं, गुळगुळीत, मधोमध दातेरी चीर असलेलं काहीतरी. एवढंच. पुढचं बघायला तो थांबला नाही. सिकंदरनं त्याला दंडाला धरून अर्धवट उचलतच खाली आणला.

दुसऱ्या दिवशी बोट आली. इटलीचा किनारा दिसेपर्यंत सिकंदरनं तो विषय काढला नाही. मग एकदाच म्हणाला की एक खुळा म्हातारा बसलेला दिसला, बोलताना काही ऐकू आलं नाही, तू आजारी होतास. असं म्हणून त्यानं ते डब्याचं झाकण मागून घेतलं आणि समुद्रात फेकलं. नुसता खुळा म्हातारा असता तर यानं झाकण कशाला फेकलं असतं, असं लालासाहेबाच्या मनात आलं.

६

राहीबाई वाळून कोळ झाली होती. उठता येत नव्हतं, तरी अंजना सकाळी तिच्यापुढं आरसा धरायची आणि ती आपल्या हातानं कुंकू लावायची. दीर आला म्हणताच तिनं सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दार लोटून घ्यायला लावलं.

लालासाहेबानं प्रवासभर ठरवून ठेवलं होतं. सांगायचं नाही. मरणाच्या दारातल्या बाईकडून तिचं एवढं एक मागणं कुणी काढून घ्यायचं? दादा काय, जसा आहे तसा आहे. पण लगेच ती कुरकुर आठवायची, अर्धाच जळलोय. त्यानं खाली मान घालून सांगितलं की कुणी सापडलं नाही, तो दुसराच माणूस होता.

राहीबाईनं त्याची बाही धरून जवळ ओढली.

"तुमच्या कोटाला वास येतुया, भावजी. तात्या आन तुमी वाईचं लगीन करून आला, तवा तात्यांच्या धोतराला ह्योच वास हुता. मीच धुतलं ते. लग्नात पळस कोण जाळतं?"

म्हणजे तिला इतकी वर्षं ठाऊक होतं. ठाऊक असून ती रोज सकाळी आरशापुढं बसत होती. त्यानं विचारलंसुद्धा, का वैनी, का केलंस असं.

"मी न्हाई म्हणलं तर त्ये मरत न्हाईत, असं वाटायचं," ती म्हणाली. "आता बोला. खरं बोला."

मग त्यानं सगळं सांगितलं. काखेतला हात, चटया, कवडी, आणि शेवटचे ते शब्द. त्याचं संपल्यावर तिनं आरसा मागितला. पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि कपाळ पुसू लागली. मेणाचं कुंकू ते, सहज निघेना. हाताला जोर नव्हता, पण लालासाहेबाला तिनं हात लावू दिला नाही. पुसत राहिली. शेवटी लाल सगळं पदरावर उतरलं आणि कपाळावर तेवढी जागा पांढरीफटक उरली, तिथं वर्षानुवर्षं ऊन लागलेलं नव्हतं. आरशात तिनं स्वतःकडं पाहिलं ते एखाद्या परक्या बाईकडं पाहावं तसं. लालासाहेबाला वाटलं आपण आत्ता इथं नसतो तर बरं झालं असतं.

"उद्या वाईला जावा," ती म्हणाली. "पुतळा परत करा. ह्या खेपंला बोटं धरून करा, आन माझ्या देखत करा. अंजनाला आत्ता काय सांगू नका. ती रडंल आन मला बघवायचं न्हाई. तुमी आल्यावर मीच सांगीन तिला." एवढं बोलून तिनं पदर भुवयांपर्यंत ओढला आणि भिंतीकडं तोंड केलं.

७

वाईचे ते भटजी राहिले नव्हते. त्यांच्या मुलानं ऐकून घेतलं आणि परवा येतो म्हणाला. लालासाहेब दुसऱ्या दिवशी उजाडताच डोंगरात गेला. माघ होता, पळसाची पानं अजून टिकून होती. एकेक देठ निवडून घेतला, किडका नको, मोडका नको. डाव्या हाताचे देठ त्यानं वेगळे बांधले, बोटांचे आणखी वेगळे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला जरा बरं वाटत होतं. दादा सुटेल. वैनीनं एवढं केलं ते वाया जाणार नाही. भारा काखेत मारून तो एसटीत बसला.

गावात उतरला तेव्हा दुपार कलली होती. वेशीत कुणी नाही, चावडीवर कुणी नाही. घराच्या दारात गोवऱ्यांच्या राखेवर पाणी पडलेलं, आणि उंबऱ्याशी अंजना बसलेली, डोळे सुजलेले. त्याला बघून तिनं हंबरडा फोडला. राहीबाई सकाळीच गेली होती. वाट बघितली पण बघणार किती, कुठं गेलात ते धड कुणाला ठाऊक नाही.

अंजना रडत रडत सांगत होती, आणि त्या रडण्यात एक समाधानही होतं. नानासोसुद्धा विरघळले म्हणे. माणूस गेलं, आता कसला वाद, तिच्या मनाजोगं होऊ दे, असं तेच म्हणाले. हिरवं लुगडं नेसवलं. चुडा भरला. गावातल्या साऱ्या सवाष्णी पाया पडून गेल्या.

"काय रूप आलं हुतं म्हणून सांगू तुमास्नी," ती म्हणाली. "दोन दिस आरसा नगं म्हणत हुत्या, पदर वर करू देत न्हवत्या. आता पदर बाजूला केला तर कपाळ मोकळं. माझ्या काळजात चर्र झालं. म्हणलं शेवटच्या घामानं गेलं असंल पुसून. आयुष्यभर जपलं बिचारीनं, आन ऐन वक्ताला असं? मग मी बसवलं परत. आधी मेण लावलं, तिच्यागत, आन वर कुकू. मळवट भरला. भरल्या कपाळानं गेल्या, बघा."

तिच्या उजव्या हाताचं बोट अजून लाल होतं. तिनं जीव लावून केलं होतं.

तो नदीकडं धावला. माणसं पांगत होती. नानासो पुढं आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, वाईट वाटून घेऊ नको, सोनं झालं तिचं. चिता चांगली पेटली होती. डोक्याकडची बाजू आधीच बसली होती, तिथं नुसते निखारे होते. ते कुंकू आता कुणाच्या हाताला लागणार नव्हतं, कुणी म्हटलं तरी पुसता येणार नव्हतं.

माणसं गेली. लालासाहेब भारा काखेत धरून उभाच होता. अजून ऊन होतं. पलीकडच्या काठावर उसाच्या कडेला त्याला वाळल्या पानांची कुरकुर ऐकू आली. कुणीतरी उठायला लागलेलं मधेच थांबावं आणि पुन्हा खाली बसावं, तेवढीच. मग काही नाही.

त्यानं तिकडं बघितलं नाही. अंधार पडायच्या आत घरी जायला हवं होतं, अंजना एकटी होती.